ग्रामपंचायत ते शाळा, मधले १४० मीटर: तांब्याची वायर नको, फायबर टाका

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावी ग्रामपंचायतीत भारतनेटचं इंटरनेट आलंय. शेजारच्या टिनाच्या खोलीत पोरांची अभ्यासिका आहे, आणि मैदानापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतही नेट न्यायचंय. अंतर १४० मीटर. आठ पोर्टचे, म्हणजे वायर खोचायच्या आठ जागांचे, दोन साधे स्विच (एका नेटचे अनेक फाटे करणारी डबी) आणि ३०५ मीटर कॅट-६ वायरचं खोकं आणून ठेवलंय. वायर लाइटच्या खांबांवरून ओढायची का, रंगांचा क्रम कोणता, आणि दोन वायरी टाकल्या तर वेग दुप्पट होईल का?

खांबांचा विचार आधी सोडा. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय काही बांधता येत नाही, आणि वादळात वरची तार तुटून तुमच्या वायरीवर पडली तर २३० व्होल्ट सरळ शाळेच्या संगणकात. मुलं हात लावतात तिथे.

आता अंतर. तांब्याच्या इथरनेट वायरीला मर्यादा १०० मीटरची आहे. त्यात भिंतीतून जाणारी पक्की वायर ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या छोट्या वायरी, मिळून १० मीटर धरतात. दुकानदार सांगेल की १४० वरही चालते. पोर्टचा लाइट लागतोही, पण डेटाचे तुकडे गळत राहतात, व्हिडिओ अडकतो, आणि दोष कुठे ते सापडत नाही. मध्ये एक स्विच ठेवून अंतराचा प्रश्न सुटेल असं कुणी तरी सुचवेलच. तसं करू नका, कारण खरा धोका अंतराचा नाहीच.

खरा धोका विजेचा आहे. आपल्याकडे मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. वीज वायरीवरच पडायला हवी असं नाही. जवळपासच्या शेतात पडली तरी उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत हजारो व्होल्टचा झटका उमटतो. स्विचच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याने १५०० व्होल्ट सोसावेत असं मानक आहे. त्याच्या वरचा झटका आला की पोर्ट जळतो, बहुतेक वेळा पलीकडचा संगणकही. शिवाय पंचायतीचं अर्थिंग वेगळं, शाळेचं वेगळं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की दोन्हींत व्होल्टचा फरक येतो. जाळीची म्हणजे शिल्डेड वायर दोन्हीकडे अर्थ केली तर तो फरक त्या जाळीतूनच वाहायला लागतो. म्हणून दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको, हा नियम मी कुठेच मोडत नाही.

फायबर काचेचं असतं, त्यातून वीज जात नाही. तुम्हाला सिंगल-मोड प्रकारचं फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणाऱ्या डब्या, लागतील. एकाच धाग्यावर चालणारी जोडी घेतली तर एक ‘ए’ आणि एक ‘बी’ अशीच घ्या: एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो, दुसरा १५५० वर. दोन्ही ‘ए’ आले तर लिंक लागणारच नाही. कन्व्हर्टर गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे, घ्या. जोडणी अशी: पंचायतीतल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून (आतल्या संगणकांना नेट देणारं तोंड) पहिला स्विच, त्यातून कन्व्हर्टर, मग फायबर, शाळेत दुसरा कन्व्हर्टर आणि दुसरा स्विच. फायबर घेताना आत आधाराला पोलादी तार नसलेलं मागा. ती असेलच तर इमारतीबाहेरच कापून टाका, आत आणू नका. नाही तर विजेला वाट मिळालीच. टोकं जोडायला केबलवाल्याचा स्प्लायसिंग (काचेचे धागे वितळवून जोडणं) करणारा माणूस बोलवा, ते आपल्या हातचं काम नाही.

मैदानातून जमिनीखालून नेणार असाल तर मातीचा विचार करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पीव्हीसी पाइपाचे सांधे ओढून उघडते. गुंडाळीत मिळणारी एचडीपीईची काळी नळी घ्या, सांधे कमी येतात. दोन-अडीच फूट खोल टाका आणि दोन्ही तोंडं जाळी लावून बंद करा, उंदरांसाठी.

इमारतीच्या आत मात्र तुमची तांब्याची वायर चालेल, ती खरंच तांब्याची असेल तर. खोक्यावर ‘सीसीए’ लिहिलंय का ते पाहा. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर खोकं परत करा. ती तार वाकवली की तुटते, रोध जास्त असतो, आणि पुढे कॅमेऱ्याला याच वायरीतून वीज द्यायची झाली तर शेवटपर्यंत पुरत नाही.

रंगांचा क्रम ‘५६८-बी’ ठेवा, दोन्ही टोकांना एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण म्हणतात की दोन्हीकडे सारखा असेल तर कोणताही क्रम चालतो. नाही चालत. वायरीतल्या आठ तारा दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्यांत असतात, आणि प्लगची तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळाच्या जोडीत यायला हवी. सरळ ओळीने जोड्या लावल्या तर तीन आणि सहा वेगवेगळ्या जोड्यांत जातात, एकमेकींचा गोंगाट पकडतात, आणि स्वस्त टेस्टर मात्र आठही दिवे हिरवे दाखवतो. म्हणून टेस्टरवर भरवसा ठेवून रंग तपासायचे सोडू नका. पीळ प्लगजवळ साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत चिमटलं गेलं पाहिजे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तार जरी सुटली तरी वेग १०० मेगाबिटवर येतो किंवा लिंकच लागत नाही. लाइटच्या वायरीच्या पट्टीतून ही वायर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

दोन वायरींनी वेग दुप्पट होत नाही. साध्या स्विचमध्ये ते अख्खं नेटवर्क बंद पाडतं. सगळ्यांसाठी सोडलेला संदेश एका वायरीने जातो, दुसरीने परत येतो, आणि त्याला थांबवणारं काही नसतं. सगळे दिवे एकदम फडफडायला लागले तर आधी हेच शोधा. मोकळी पॅचकॉर्ड कुणी तरी ‘रिकामी जागा दिसली’ म्हणून त्याच स्विचमध्ये खोचलेली असते. शाळेतला जुना वायफाय राउटर वापरणार असाल तर त्याचं डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, राउटरचा स्वतःचा आयपी पत्ता बदला, आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा.

बरेच साधे स्विच ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात. अभ्यासिकेत टिनाखाली एप्रिलमध्येच त्याहून जास्त होतं. स्विच छताजवळ ठोकू नका, छातीच्या उंचीवर सावलीच्या भिंतीला, हवा खेळेल असा लावा. राउटर, दोन्ही कन्व्हर्टर आणि दोन्ही स्विच इन्व्हर्टरवर हवेत. शाळेकडचं राहिलं तर लाइन गेली की पंचायतीत नेट असूनही शाळा बंद.

फायबर विकत घेण्याआधी अंतर टेपने मोजा. भिंतीवरून चढ-उतार धरून वर दहा-पंधरा मीटर जास्त घ्या, आणि दोन्ही खोल्यांतल्या बोर्डांचे फोटो इथे टाका. अर्थिंगची पिन खरंच जोडलेली आहे का, ते मात्र नुसत्या फोटोवरून कळत नाही, वायरमनकडून तपासून घ्या.