एकच पिकाचू, वेगवेगळ्या कॅसेट

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त नागोयाला असतो. दिवाळीला येताना त्याने माझ्या मुलासाठी जुना गेम बॉय कलर (हातात धरून खेळायचं गेम मशीन) आणि ‘पोकेमॉन येलो’ या गेमची पिवळी कॅसेट आणली. कॅसेट जपानी आहे. शेजारच्या मुलाकडे हीच कॅसेट अमेरिकेहून आलेली आहे. त्याच्या स्क्रीनवर गावागणिक रंग बदलतात, आमच्याकडे सगळीकडे तेच ते रंग. आमची कॅसेट नकली आहे का? आणि दोघांना केबल जोडून पोकेमॉनची अदलाबदल करायची आहे, ती करू द्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केबलचं आधी सांगते, कारण मुलं माझ्या उत्तरासाठी थांबणार नाहीत. जोडू देऊ नका. जपानी कॅसेट फक्त जपानी कॅसेटशी जोडायची. इंग्रजी कॅसेट इंग्रजीशी जुळते, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश कॅसेटशीही जुळते. पण जपानी आणि इंग्रजी समोरासमोर आल्या की सेव्ह केलेला खेळ बिघडू शकतो, आणि एकदा बिघडला की पहिल्यापासून सुरुवात. मुलाने जीव लावून वाढवलेला पिकाचू गेला तर त्याची समजूत घालणं तुम्हाला जड जाईल.

हे का होतं तेही सांगते, म्हणजे मुलांना नुसतं ‘नाही’ म्हणावं लागणार नाही. जपानी खेळात पोकेमॉनचं नाव जास्तीत जास्त ५ अक्षरांचं असतं, इंग्रजीत १०. त्यामुळे जपानी कॅसेट एका नावाला ६ बाइट जागा देते आणि इंग्रजी कॅसेट ११. वरचा एक बाइट ‘नाव संपलं’ एवढं सांगण्यासाठी. अदलाबदलीच्या वेळी दोन्ही गेम बॉय आपापली सगळी माहिती सलग पाठवतात : आधी खेळाडूचं नाव, मग त्याच्याजवळच्या पोकेमॉनची यादी, त्यांची ताकद, त्यांची नावं. इंग्रजी कॅसेट पहिले ११ बाइट नाव समजून उचलते. जपानीकडून आलेलं नाव तर सहाव्या बाइटलाच संपलेलं असतं आणि पुढच्या पाचांत पोकेमॉनची यादी सुरू झालेली असते. तिथून पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या खणात पडतो. भरीला अक्षरांचे क्रमांकही वेगळे. ज्या क्रमांकावर इंग्रजी कॅसेटमध्ये ‘ए’ आहे, त्याच क्रमांकावर जपानीत ‘आ’ आहे. ही भिंत २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’पासून पडली. त्या कॅसेट गेम बॉय अॅडव्हान्सच्या. त्यांत जपानी-इंग्रजी अदलाबदल व्यवस्थित होते.

आता रंगांचं. तुमची कॅसेट नकली असेलच असं मुळीच नाही. अस्सल जपानी ‘येलो’ अशीच दिसते. ती जपानमध्ये १२ सप्टेंबर १९९८ ला विक्रीला आली आणि गेम बॉय कलर तिथे आला २१ ऑक्टोबर १९९८ ला. म्हणजे कॅसेट आली तेव्हा रंगीत गेम बॉय दुकानात नव्हताच. अमेरिकेत ‘येलो’ पोहोचली १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या वर्षभरात तिच्यात कलरसाठी रंग भरले गेले, म्हणून शेजारच्या मुलाला शहरागणिक वेगळी छटा दिसते. जपानी कॅसेटमध्येही रंगांची सोय आहे, पण ती ‘सुपर गेम बॉय’साठी. या जोडणीने गेम बॉयची कॅसेट सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनला लावून टीव्हीवर खेळता येते. गेम बॉय कलरला तुमची कॅसेट जुन्या काळ्या-पांढऱ्या खेळांपैकी एक वाटते आणि तो स्वतःजवळचे मोजके रंग तिला लावतो. ते रंग आवडत नसतील तर एक करून बघा. मशीन सुरू करताना लोगो दिसत असतो, तेवढ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे बटण दाबून ठेवायचं. त्याबरोबर ‘ए’ किंवा ‘बी’ दाबलं तर आणखी वेगळे रंग येतात. एकूण १२ प्रकार आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना ही युक्ती दाखवली की ती पाळीपाळीने सगळे रंग लावून बघतात.

कॅसेट परत करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मी पुण्यात जपानी शिकवते. या खेळातलं सगळं लिखाण हिरागाना आणि काताकाना या सोप्या लिप्यांत आहे, एकही कांजी (चिनी चित्राक्षर) नाही. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. दोन्ही लिप्या नुकत्या शिकलेल्या मुलाला याहून चांगला वाचनाचा सराव मी तरी देऊ शकत नाही. एक-एक वाक्य, ‘ए’ दाबलं की पुढचं, आणि मागे लागणारं कुणी नाही. मुलाला जपानीची ओढ असेल तर हीच कॅसेट त्याच्या हाती राहू द्या. पिकाचूचा आवाज मात्र दोन्ही कॅसेटमध्ये एकच, इकुए ओतानी यांचा.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. माझ्याकडे इंग्रजी ‘पोकेमॉन रेड’ आहे. सिनाबार बेटावरच्या प्रयोगशाळेत एकाला मी रायचू देऊन इलेक्ट्रोड घेतला. नंतर तो म्हणाला की तू दिलेला रायचू इव्हॉल्व्ह झाला, म्हणजे पुढच्या रूपात गेला! मी दुसरा रायचू कितीही वाढवला तरी काही होत नाही. जपानी गेममध्ये होतं का? आणि गेम टीव्हीवरून केला की टीव्हीवरचं गेमवरून?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : रायचूच्या पुढे काही नाही रे, जपानीतही नाही. तू बरोबर खेळतो आहेस, चूक त्या माणसाच्या बोलण्यात आहे. आणि ती तिथे कशी आली हे मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुधारलेली ‘ब्लू’ आली. ती आधी दुकानात नव्हतीच, ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकातून मागवावी लागे. चित्रं नव्याने काढलेली, आतली रचनाही नीटनेटकी केलेली. परदेशी आवृत्ती करताना चित्रं, रचना आणि संवाद या जपानी ‘ब्लू’मधून घेतले. पण कोणता पोकेमॉन कुठे भेटतो आणि कोण कशाच्या बदल्यात काय देतो, हे घेतलं जुन्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’मधून. जपानी ‘ब्लू’मध्ये प्रयोगशाळेतला तो माणूस कडाब्रा मागायचा. कडाब्रा अदलाबदल झाली की खरोखर इव्हॉल्व्ह होऊन अलाकझाम होतो, म्हणजे तिथे त्याचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. इंग्रजीत बोलणं ‘ब्लू’चं राहिलं आणि पोकेमॉन ‘रेड’चा आला. तुझ्यासारखी कितीतरी मुलं त्या एका वाक्यापायी रायचू वाढवत बसली असतील.

भाषांतराच्या त्या कामात सातोरु इवाता यांचा हात होता, हेही लक्षात ठेव. पुढे २००२ मध्ये ते गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीचे अध्यक्ष झाले. भाषांतराच्या वेळी ते दुसऱ्या कंपनीत होते. मूळ खेळाचा सगळा प्रोग्राम वाचून काढून तो परदेशी भाषांत कसा न्यायचा, याची वाट त्यांनी आखून दिली. इंग्रजी वाक्यं जास्त जागा खातात, त्यामुळे जपानी ‘रेड’ची कॅसेट ५१२ किलोबाइटची, तर तुझी १ मेगाबाइटची आहे.

आता टीव्ही. आधी गेम, मग कार्टून. जपानमध्ये कार्टून १ एप्रिल १९९७ ला सुरू झालं. ते इतकं लाडकं झालं की त्यावरून पुन्हा गेम केला, तोच ‘येलो’. त्यात पिकाचू बॉलमध्ये न बसता मागे मागे चालतो, कार्टूनमधले खलनायक जेसी आणि जेम्स आडवे येतात, आणि पिकाचूचा रायचू करणारा थंडर स्टोन दाखवला तर पिकाचू तो नाकारतो. जेसी-जेम्सचे एकान्स, कॉफिंग आणि मियाउथ त्यात आपल्याला रानात सापडत नाहीत. अमेरिकेतल्या मुलांच्या हाती ‘रेड’ २८ सप्टेंबर १९९८ ला पडला, तेव्हा जपानी मुलं ‘येलो’ खेळायला लागली होती. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हे सगळं २००३ मध्ये आलं. त्यामुळे आपल्या बहुतेकांच्या डोक्यात कार्टून पहिलं आणि गेम दुसरा असा उलटा क्रम बसला आहे.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. पोकेमॉनच्या जुन्या गेममध्ये जुगाराची मशिन्स आहेत असं ऐकलं. कोणत्या देशाची कॅसेट घ्यावी?
– एक आई, नागपूर

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. ‘येलो’मध्ये सेलाडॉन शहरात नाण्यांवर चालणारी स्लॉट मशिन्स आहेत, जपानी कॅसेटमध्येही आणि इंग्रजीतही. पोरिगॉन हा पोकेमॉनही तिथेच ९,९९९ नाण्यांना मिळतो. नंतरच्या खेळांत मात्र देश बघून फरक केले गेले. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’च्या कोरियन आवृत्तीतून स्लॉट काढून टाकले. ‘प्लॅटिनम’ युरोपात गेला तेव्हा तिथे वयोगट ठरवण्याचे नियम जुगाराबाबत कडक झाले होते, म्हणून मशिन्स दिसतात पण चालत नाहीत. ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’च्या जपानी आवृत्तीत स्लॉट आहेत, तर इंग्रजीत त्या जागी ‘व्होल्टॉर्ब फ्लिप’ आहे : पाच बाय पाचच्या चौकटी, प्रत्येक ओळीची बेरीज कडेला दिलेली, त्यावरून बॉम्ब कुठे असेल ते ताडायचं. सात वर्षांच्या मुलीसाठी मी हीच इंग्रजी आवृत्ती घेईन. बेरीज करत खेळणं नशिबाची कळ ओढण्यापेक्षा शतपटीने बरं.

जुन्या खेळांत असे बारीक बदल आणखी आहेत. जपानी ‘रेड’मध्ये विरिडियन शहराच्या रस्त्यावर आडवा पडलेला म्हातारा दारू प्यायलेला आहे. इंग्रजीत त्याची नात म्हणते, आजोबांची अजून कॉफी व्हायची आहे. जिंक्स या पोकेमॉनचा काळा चेहरा आणि मोठे ओठ कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या चित्रांसारखे आहेत, अशी टीका २००० मध्ये कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेने केली. इंग्रजी ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये जिंक्सचा रंग जांभळा आहे. मूळ कलाकृतीला हात लावू नये असं म्हणणारे वाचक मला लिहितात, त्यांचं प्रेम मला कळतं. पण कुणा लेकराला आपल्याच चेहऱ्याची लाज वाटू नये म्हणून रंग बदलला असेल, तर तो बदलच योग्य आहे.

प्रश्न : ताई, कार्टूनमध्ये ॲशने जीएस बॉल कर्टकडे दिला आणि पुढे त्याचं काय झालं ते कधी दाखवलंच नाही. माझ्या इंग्रजी ‘क्रिस्टल’मध्ये कर्ट आहे, इलेक्सच्या जंगलात देऊळही आहे, पण बॉल कुठेच नाही. जपानी मित्राने त्या बॉलमुळे येणारा सेलेबी हा पोकेमॉन पकडलेला म्हणे. खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं आहे, आणि या सगळ्या फरकांपैकी मला सगळ्यात जास्त खटकणारा हाच. वर सांगितलेल्या बदलांनी कुणाचं काही हिरावलं नाही. इथे मात्र जपानबाहेरच्या मुलांना गोष्टीचा शेवटच मिळाला नाही.

जपानी ‘क्रिस्टल’ डिसेंबर २००० मध्ये आली. पुढच्या महिन्यात, २७ जानेवारी २००१ ला, निन्टेंडोने मोबाइल अॅडॅप्टर जीबी आणला. ही केबल गेम बॉय आणि मोबाइल फोन यांना जोडायची आणि कॅसेट थेट इंटरनेटवर जायची. खेळातल्या गोल्डनरॉड शहरात नेहमीच्या पोकेमॉन सेंटरच्या जागी एक मोठं कम्युनिकेशन सेंटर बांधलेलं आहे. तिथून दूर गावच्या अनोळखी मुलाशी अदलाबदल करता यायची, आणि जीएस बॉलही तिथेच मिळायचा. मोबाइल फोन खिशात असणं तेव्हा किती अपूर्वाईचं होतं ते आठवून बघा. जपानबाहेर ही सोय नव्हती, म्हणून परदेशी ‘क्रिस्टल’मधून ते सेंटर काढून साधं पोकेमॉन सेंटर ठेवलं. कर्ट तसाच राहिला, देऊळ तसंच राहिलं. त्या देवळासमोर उभं राहून बटण दाबणाऱ्या मुलांना काही घडत का नाही हे कुणी सांगितलं नाही. जपानमध्येही ही सेवा डिसेंबर २००२ मध्ये बंद पडली.

बॉल अखेर मिळाला २६ जानेवारी २०१८ ला, ‘क्रिस्टल’ निन्टेंडोच्या थ्रीडीएस या नंतरच्या हातातल्या मशीनवर डाउनलोड म्हणून आली तेव्हा. या आवृत्तीत सगळ्या भाषांतल्या खेळाडूंना सेलेबी मिळतो, मोबाइल लागत नाही. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानात नवीन खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली, त्यामुळे आता विकत घेता येणार नाही. ओळखीत कुणी आधी घेतली असेल तर त्याच्या मशीनवर खेळा. चॅम्पियन झालात की गोल्डनरॉडच्या पोकेमॉन सेंटरमध्ये जाऊन बाहेर पडायला निघा, तिथे बॉल हातात येतो. तो अझेलियाला कर्टकडे द्या, एक दिवस जाऊ द्या, मग परत घेऊन देवळात ठेवा. सेलेबी लेव्हल ३० चा असतो आणि तो एकदाच येतो, म्हणून बॉल ठेवण्याआधी तिथेच उभं राहून खेळ सेव्ह करा.