नागरिकांचे प्रश्न : सभेला घरूनच हजर राहता येईल का?

प्रश्न : मी राजेंद्रनगरात राहते, वय ७४ आहे. आमच्या भागातला रस्ता रुंद करण्याचा विचार सुरू असून त्यासाठी रहिवाशांची बैठक बोलावली आहे. बैठकीचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गुडघ्यांमुळे मला जिना चढता येत नाही. नातू म्हणतो, ‘आजी, त्यांच्याकडे व्हिडिओची लिंक मागा.’ अशी लिंक मागण्याचा मला हक्क आहे का? महापालिकेच्या परिषदेच्या बैठकीतही असेच घरून बोलता येईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. इंदूर महापालिकेच्या परिषदेत बोलण्याचा अधिकार ८५ वॉर्डांतून निवडून आलेले पार्षद (म्हणजे नगरसेवक), महापौर आणि कायद्याने सदस्य ठरलेल्या इतर मंडळींना आहे. एल्डरमन, म्हणजे निवडून न येता नेमलेले सदस्य, बसू शकतात, पण त्यांना मत नाही. सामान्य नागरिकाला तिथे प्रत्यक्ष जाऊनही बोलता येत नाही, त्यामुळे लिंक मिळाली तरी तिचा उपयोग ऐकण्यापुरताच होईल. आपले म्हणणे परिषदेपर्यंत जायचे असेल तर ते पार्षदामार्फतच जाते आणि त्यासाठी विषयपत्रिका निघण्यापूर्वी त्यांना गाठावे लागते.

रहिवाशांच्या बैठकीचे तसे नाही. अशी बैठक बहुतेक वेळा कोणत्याही कलमाखाली बोलावलेली नसते. लोकांचा कल जाणून घेण्यासाठी ती अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी बोलावतात. म्हणून लिंक देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, तशीच ती देण्याला कायद्याची आडकाठीही नाही. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर मात्र विनंतीला वजन येते, कारण दिव्यांग व्यक्तींना वाजवी सोय मिळावी यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेली आहे. अर्ज करताना केवळ लिंक न मागता ‘बैठक तळमजल्यावर घ्यावी, ते शक्य नसल्यास दूरदृश्य माध्यमातून सहभागी होऊ द्यावे’ असे दोन्ही पर्याय मागावेत. तळमजल्याची मागणी नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला जरा जड जाते, आणि जिना चढू न शकणाऱ्या आपण एकट्याच नसाल.

आता थोडे कटू सांगतो. लिंक मिळाली, आपण बोललात, चारचौघांनी माना हलवल्या, तरी इतिवृत्तात नोंद झाली नसेल तर पुढच्या टप्प्यावर त्या बोलण्याला काहीही किंमत राहत नाही. लेखी हरकत द्यावी, तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, पोच जपून ठेवावी. लिंकसाठी धडपड करायची ती यानंतर. माझ्याकडे या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत हा क्रम उलटा असतो : पडद्यावर दिसण्याची तयारी पूर्ण, आणि कागद मात्र दिलेलाच नाही.

त्या कागदात काय लिहायचे, हेही महत्त्वाचे आहे. हा रस्ता शहराच्या विकास आराखड्यात आहे का आणि असल्यास किती रुंदीचा दाखवला आहे, हे प्रथम विचारावे. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लेखी हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात आणि ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. इंदूरचा २०२१ हे लक्ष्यवर्ष धरून केलेला आराखडा २००८ मध्ये लागू झाला. रस्त्याची रुंदी त्या आराखड्यातूनच आलेली असेल, तर मूळ रुंदीवर हरकत घेण्याची वेळ केव्हाच निघून गेली, आणि आजच्या बैठकीत प्रश्न एवढाच उरतो की प्रत्यक्षात घेतली जाणारी जागा आराखड्याशी जुळते की नाही. आराखड्यात नसलेली रुंदी घेतली जात असेल, तर ती कोणत्या अधिकाराखाली, हे लेखी विचारता येते.

भूसंपादनाची रीतसर अधिसूचना निघाली तर चित्र बदलते. २०१३ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हरकतीसाठी ६० दिवस असतात आणि हरकत घेणाऱ्याला स्वतः, वकिलामार्फत किंवा त्याने अधिकार दिलेल्या कोणत्याही व्यक्तीमार्फत म्हणणे मांडू देणे जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे आपल्या वतीने नातू अधिकारपत्र घेऊन जाऊ शकतो. गुडघेदुखीवर कायद्यातला हा उपाय लिंकपेक्षा कितीतरी खात्रीचा आहे, आणि तो २०१३ च्या आधीच्या भूसंपादन कायद्यातही होता.

शेवटी माहिती अधिकाराची एक तरतूद सांगतो, जी फारशी कोणी वापरत नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधील आठव्या उपखंडानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा व समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका जनतेसाठी खुल्या आहेत का, आणि त्यांची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात का, हे स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. ते प्रसिद्ध केलेले नसेल तर अर्ज करून मागावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

प्रश्न : माझा मुलगा बंगळूरुला नोकरी करतो, सुदामानगरातले घर त्याच्या नावावर आहे. तो सांगतो की परदेशांत नगरपरिषदांच्या सभेत लोक घरून बोलतात. आपल्याकडे कंपन्यांच्या सभाही ऑनलाइन होतात. मग आपल्या महापालिकेला काय अडचण आहे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आपल्याकडे ५ मे २०२० च्या परिपत्रकापासून कंपन्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा दूरदृश्य माध्यमातून घेता येऊ लागल्या, त्यामुळे एखाद्या कंपनीचे दहा समभाग असणारा माणूस घरातून मत देतो आणि आयुष्यभर संपत्तिकर भरणाऱ्याला आपल्या वॉर्डाच्या चर्चेत तसे शिरता येत नाही, ही विसंगती मलाही खटकते. मात्र परदेशांतला अनुभव एकसारखा नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये स्थानिक परिषदांना दूरस्थ सभांची तात्पुरती मुभा मिळाली. ती ७ मे २०२१ ला संपणार असताना तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ च्या अखेरीस निर्णय दिला की १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातील सभा म्हणजे प्रत्यक्ष एका ठिकाणी भरलेली सभा, आणि त्यात बदल हवा असेल तर तो संसदेने करावा. शेजारच्या वेल्सने २०२१ च्या कायद्यातच कायमची सोय करून टाकली. थोडक्यात, अडचण कॅमेऱ्याची नसून कायद्याच्या शब्दांची असते, आणि ते शब्द राज्याच्या विधिमंडळाने बदलायचे असतात. एकट्या महापालिकेच्या इच्छेने ते होत नाही.

मला सर्वांत शिकण्याजोगे वाटते ते कॅलिफोर्निया. तिथल्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नेहमीच्या सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावी लागते आणि सभेत नागरिकांना बोलण्याची संधी द्यावीच लागते. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, त्याला दुरुस्ती जोडली गेली : सवलतीच्या नियमांखाली दूरस्थ सभा चालू असताना प्रक्षेपण तुटले आणि लोकांना सहभागी होता येईना, तर ते पूर्ववत होईपर्यंत विषयपत्रिकेवरचा पुढचा निर्णय घेता येणार नाही. मागणी करायचीच तर अशी करावी. आपल्याकडे नुसतेच थेट प्रक्षेपण सुरू झाले आणि विषयपत्रिका आदल्या रात्रीपर्यंत कळलीच नाही, तर बंगळूरुत बसलेला मालक काय, इथे इंदुरात राजवाडा भागात राहणारा भाडेकरू काय, दोघेही प्रेक्षकच राहतात.

घर मुलाच्या नावावर आहे म्हणून करविषयक नोटिशीला किंवा संपादनाच्या सूचनेला उत्तर देण्याचा हक्क त्याचा आहे, आणि तो बंगळूरुतून लेखी उत्तर देऊ शकतो. संपादनाच्या सुनावणीसाठी त्याने तुमच्या नावे अधिकारपत्र करून ठेवावे. वॉर्डाच्या राजकारणातला त्याचा आवाज मात्र मतदारयादीशी जोडलेला आहे. नाव बंगळूरुच्या यादीत असेल तर इथल्या पार्षदासाठी तो मतदार नाही, आणि पार्षदांना हे चांगले ठाऊक असते.

प्रश्न : महूजवळच्या एका गावी आमची वडिलोपार्जित शेती आहे, राहायला आम्ही इंदुरात आहोत. ग्रामसभेला फोनवरून हजेरी लावता येईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : त्या गावाच्या मतदारयादीत आपले नाव नसेल, तर फोनवरून काय, प्रत्यक्ष जाऊनही आपण ग्रामसभेचे सदस्य ठरत नाही; संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्याच गावाच्या मतदारयादीत नोंदलेल्या व्यक्तींची संस्था अशी आहे. जमीन असल्याने सदस्यत्व मिळत नाही. सीमांकन, नामांतरण (जमिनीच्या नोंदीतला फेरफार) किंवा वहिवाटीच्या रस्त्याची तक्रार असेल तर तो ग्रामसभेचा विषय नसून महसूल खात्याचा आहे. त्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करावा, आणि तिथे दाद लागली नाही तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे किंवा मंगळवारच्या जनसुनावणीत (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या बैठकीत) आधीच्या अर्जाची पोच घेऊन जाता येते.