लोकलमधली धडधड आणि रात्री दोनचा हिशेब

ताणाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. दोन महिन्यांपासून गाडीत गर्दी वाढली की छातीत धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, आता गुदमरून पडणार असं वाटतं. दोनदा ठाण्याला उतरून घरी परतले. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आहे. सगळे म्हणतात, दीर्घ श्वास घे. तसं केलं की जास्तच गरगरतं.
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तपासण्या आधी करून घेतल्यात, हे उत्तम. गरगरण्याचं कारण त्या दीर्घ श्वासातच आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यात मुद्दाम मोठे श्वास ओढले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं बधिर होतात. नेमकं हेच गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून पुढचा श्वास आणखी मोठा घेतला जातो.

श्वास सावकाश हवा, मोठा नको. गजऱ्याचा वास घ्यावा इतकाच, नाकाने, चार आकडे मोजत आत. सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर ठेवा. छातीवरचाच हात हलत असेल तर श्वास अजून वरवरच चालला आहे. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, घरी, धडधड नसताना, निदान दोन आठवडे करा. पहिला प्रयोगच भर गर्दीत केला तर तो फसतो आणि ‘हाही उपाय गेला’ एवढंच हाती लागतं.

पण खरी गाठ आहे ती ठाण्याला उतरण्यात. उतरलात, धडधड थांबली. मेंदूने नोंद केली की ‘उतरले म्हणून वाचले’. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. तुम्हाला ते ओसरणं बघायलाच मिळालेलं नाही. ते बघायला मिळावं म्हणून पायरीपायरीने सामोरं जायचं, आणि अशा भीतीवर याच उपचाराचा सर्वांत जास्त भरवसा धरता येतो.

सुरुवात शनिवारी किंवा रविवारी दुपारी, स्लो गाडीने, डोंबिवली ते कोपर. एकच स्टेशन. परत या, पुन्हा जा. एका दुपारी तीन-चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत भीतीला शून्य ते दहा गुण देऊन वहीत लिहा. आठची भीती चारवर आली की पुढची पायरी : दिवा, मग ठाणे, मग दुपारची फास्ट आणि त्यातही ठाण्यानंतर थेट घाटकोपरला थांबणारी. सकाळची गर्दी सर्वांत शेवटी. तोवर ऑफिसला लवकरची किंवा स्लो गाडी पकडलीत तरी चालेल, तेवढी तडजोड करा.

हे फसतं ते ताईतांमुळे. दाराजवळचीच जागा, हातात घट्ट धरलेली पाण्याची बाटली, नवऱ्याशी चालू ठेवलेला फोन. प्रवास पार पडतो, पण श्रेय बाटलीला जातं. एकेक ताईत कमी करत चला. श्वास मोजणंही असाच ताईत होऊ शकतं, म्हणून वरच्या पायऱ्यांवर तेही सोडा आणि धडधड येऊ द्या. एकाच पायरीवर तीन-चार आठवडे अडकलात तर मानसतज्ज्ञाची मदत घ्या.

प्रश्न : गोरेगावला वन रूम किचनमध्ये चौघं राहतो. घराचा हप्ता, ऑफिसमधली कपात, मुलाची फी. रात्री दोनला जाग येते आणि हिशेब सुरू होतो. विचार थांबवायचा प्रयत्न केला की तो दुप्पट येतो.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : दाबलेला विचार उसळून येतोच. त्याला थांबवू नका, वेळ नेमून द्या. संध्याकाळी सात ते सात-वीस, एकच ठरावीक जागा (अंथरूण सोडून कुठलीही), वही-पेन. रात्री दहानंतरची वेळ नको. वही मिटल्यावर मन निवायला दोन-तीन तास लागतात. दिवसभरात काळजी डोकावली की दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि ‘सातला बघू’ म्हणायचं. पहिला आठवडा हे हास्यास्पद वाटेल, काळज्या वेळापत्रक मानणार नाहीत. तरी सोडू नका.

वहीच्या पानाला मधोमध घडी घाला. डावीकडे ज्यात हात घालता येईल ते, उजवीकडे ज्यात येत नाही ते. डाव्या बाजूला प्रत्येक ओळीपुढे लहान, तारखेची कृती : ‘मंगळवारी लंच टाइममध्ये बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवली तर हप्ता किती उतरेल ते विचारणे.’ ‘पैशाचं काहीतरी करणे’ ही कृती नव्हे.

उजव्या बाजूसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कामाची आहे. समजा साहेबांचा रात्री मेसेज आला, ‘उद्या आल्यावर भेटा.’ ही घटना. पोटात गोळा आला, हा परिणाम. मधलं वाक्य आपण वगळतो : ‘मला काढणार, आणि नोकरी गेली तर मी संपलो.’ ते शब्दशः लिहा. मग त्याला तीन प्रश्न : याला पुरावा काय? काढलंच तर पहिल्या महिन्यात मी काय करीन? असं म्हणत राहून मला काय मिळतंय? शेवटी पटेल असं वाक्य लिहा : ‘नोकरी टिकावी अशी माझी फार इच्छा आहे, गेली तर हाल होतील, पण मी संपणार नाही.’ ‘सगळं छान होईल’ असलं काही लिहू नका. मनाला खोटं लगेच कळतं.

दोनला जाग आलीच तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठा. दुसरी खोली नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ पाट टाकून मंद दिव्यात काही कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत. झोप कितीही झालेली असो, सकाळी उठण्याची वेळ एकच. शेवटचा चहा चारच्या आत. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील.

प्रश्न : मान-खांदे कायम आखडलेले. ‘अंग सैल सोड’ म्हणतात, सुटत नाही.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : आधी आवळा, मग सोडा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची ही पद्धत शंभरेक वर्षं जुनी आहे. मूठ पाच-सात सेकंद आवळा, एकदम सोडा, वीस-तीस सेकंद फरक नुसता अनुभवा. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे कानांपर्यंत, पोट, मांड्या, पोटऱ्या. पूर्ण ताकद लावू नका, सत्तर टक्के पुरे. पोटऱ्या जोरात आवळल्या तर हमखास गोळा येतो. दुखऱ्या मानेला वगळा. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कोणाकडे जावं? फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी गोळी) दिलं होतं. सहा महिने रोज घेतेय.
– एक वाचक, परळ

उत्तर : औषध मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. ‘कुठली पद्धत वापरता, साधारण किती सत्रं?’ हेही विचारा. अशा तक्रारींना बहुधा आठ ते सोळा सत्रं लागतात. खासगी फी झेपत नसेल तर तुमच्या जवळच केईएम आहे. सायन, नायर, कूपरमध्येही मानसोपचार ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. जीव नकोसा वाटू लागला तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता लगेच तिथे फोन करा किंवा घरच्या कुणाला तरी घेऊन रुग्णालय गाठा.

अल्प्राझोलामची सवय लागते, पण स्वतःहून एकदम बंद करू नका. झोप उडते, थरथर होते, क्वचित फिटही येते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते. सध्याची स्ट्रिप आणि गोळी कधी सुरू केली ती तारीख सोबत न्या.