बसवलेल्या हृदयाचा होल्टर वाचताना

गड्या, काल परभणीच्या पेशंटच्या होल्टरवर (दिवसरात्र अंगावर राहून ठोके टिपणाऱ्या ईसीजीवर) ‘मशीन बिघडलं’ लिहिलंस ना, ते आधी खोड. रात्री दोन वाजता ठोके ९५? बसवलेल्या, म्हणजे प्रत्यारोपण केलेल्या, हृदयाचं असंच असतं. दात्याकडून काढतानाच व्हेगस आणि ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसा तुटतात. झोपेत लगाम घालते ती व्हेगस. तीच नाही म्हटल्यावर दिवसरात्र एकच चाल. आपला क्यूटी, म्हणजे ईसीजीवर क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ, रात्री लांबतो, दिवसा आखडतो. याचा सुरुवातीला जवळपास सपाट. काही वर्षांनी कुणाकुणाच्या नसा थोड्या परत फुटतात, मग चढउतार दिसायला लागतो.

क्यूटी मात्र हातानंच मोज. टी लाटेची उतरती बाजू मूळ रेषेला टेकते तिथं कंपास ठेव. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी असेल तर बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. बॅझेटचं १९२०चं सूत्र जलद ठोक्यांना क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी) फुगवून दाखवतं. त्याच्या भरवशावर मी एका म्हातारबाला उगाच रात्रभर जागवलंय! फ्रिडरिशियाच्या सूत्रानंही काढून बघ.

आणि पेशंटनं लिहिलेली डायरी वाच की. जिना चढला तरी ठोके उशिरा वाढतात, बसल्यावर उशिरा उतरतात, कारण रक्तातून ॲड्रेनलिन पोचायची वाट बघावी लागते. खोकल्याला कुणी अझिथ्रोमायसिन दिलंय का, तेही विचार. क्यूटी लांबवतं ते.