माइनक्राफ्ट गेम लॅपटॉपवर घ्यायचाय: जावा, बेडरॉक की डिलक्स?

अरे विंडोजवर हा प्रश्नच उरत नाही, 2022 पासून जावा आणि बेडरॉक या गेमच्या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत येतात. तू फोंड्यात लॅपटॉपवर आणि मावसभाऊ म्हापशात मोबाईलवर म्हणतोस, मग त्याच्यासोबत बेडरॉकच उघड, कारण मोबाईल, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच सगळे त्यातच एकत्र खेळतात, जावावाले साधारण जावावाल्यांशीच. एकटा असलास की जावा लाव, फुकटचे मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले, गेममध्ये बदल करणारे जोड) ढिगाने आहेत, बेडरॉकच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे गेममधल्या दुकानात, बऱ्याच गोष्टींना माइनकॉइन्स (पैसे देऊन घ्यायची गेममधली नाणी) मोजावे लागतात. डिलक्स हा महागडा संच तर नकोच, गेम तोच, वर थोडे माइनकॉइन्स आणि स्किन-टेक्स्चर (पात्राचं आणि जगाचं वेगळं रूप) वगैरे, ते पैसे चतुर्थीच्या फटाक्यांना ठेव. आणि हो, ही खरेदी मोबाईलवर चालत नाही, तिथे वेगळं घ्यावं लागतं.