येशू परत कधी येणार याची तारीख बायबलमध्ये दिलीय का? व्हिडिओवाले तर थेट वर्षच सांगतात

नाही, तारीख कुठेच दिलेली नाही, उलट तारीख कुणालाच माहीत नाही असं येशू स्वतःच सांगतो. मार्क १३:३२ उघडून बघा, तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. एवढं स्पष्ट असताना लोक आकडेमोड करतात आणि भोळी माणसं पोळतात याचं खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा हिशोब लावून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, काहींनी तर शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही कारण आता लागणारच कशाला, आणि ती रात्र तशीच गेली. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रचारकाने २१ मे २०११ सांगितलं, तेही तसंच. तुम्हाला वाचायचंच असेल तर मत्तय २५ वाचा, तिथे न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतात तसं माणसांना वेगळं करणार असं आहे आणि प्रश्न काय, तर भुकेल्याला खायला दिलंस का, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलास का. तारखेचा त्यात संबंधच नाही. फक्त एक, येशू येणार आणि न्याय करणार हे बहुतेक सगळे चर्च मानतात पण प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) २० मधली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं शब्दशः घ्यायची की नाही यावर मतभेद आहेत, कॅथलिक शब्दशः घेत नाहीत, बरेच इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणारे प्रोटेस्टंट) घेतात.