पुण्यात वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणे कसे असते? आयटीतील नोकरी सोडून यावे का?

मी नऊ वर्षांपासून भोसरी एमआयडीसीतील एका लहान कंपनीत सिरिंज पंपांच्या, म्हणजे सिरिंजमधील औषध ठरावीक गतीने रुग्णाला देणाऱ्या यंत्रांच्या, चाचण्या घेते. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून आलेल्यांचा पहिला वैताग असतो कागदांचा. सॉफ्टवेअरमधील एक ओळ बदलली, तरी तिच्यामुळे रुग्णाला कोणता धोका संभवतो, कोणत्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या आणि निकाल कोणी तपासले, हे सारे नोंदवावे लागते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे धोक्यानुसार ए (सर्वात कमी) ते डी (सर्वाधिक) असे वर्ग केले. आमचा पंप सी वर्गात येतो आणि या वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. त्या वर्षी माझा निम्मा वेळ फायलींतच गेला. तरीही कागदांपेक्षा मला निविदा अधिक खुपतात, कारण पंप विकत घेणारी समिती दर पाहते आणि तो रात्रभर सांभाळणाऱ्या सिस्टरला कोणी विचारत नाही.

एकदा एका रुग्णालयाच्या एनआयसीयूतील (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील) सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, नळी मुडपली तरी तुमचा पंप फार उशिरा ओरडतो.” त्यांचे म्हणणे खरे होते. तासाला अर्धा मिलिलीटर इतक्या मंद गतीने औषध जात असेल, तर सिरिंजचे रबर आणि नळी थोडी थोडी ताणली जात राहतात. अलार्मच्या मर्यादेपर्यंत दाब चढायला पाव मिलिलीटर लागत असेल, तर अर्धा तास तसाच निघून जातो. शिवाय मुडपलेली नळी सोडवताच साठलेले औषध एकदम बाळाच्या शरीरात जाऊ शकते. ही मर्यादा खाली आणून, नळी सोडवण्याआधी मोटर किंचित मागे घेण्याची सोय करायला आम्हाला चौदा महिने लागले. हिंजवडीतील माझ्या मैत्रिणींनी तेवढ्या काळात दोन कंपन्या बदलल्या आणि पगारही वाढवून घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या एनआयसीयूत नवा पंप लागला, त्या दिवशी मला जे वाटले ते आधीच्या आयटीतील नोकरीत कधीच वाटले नव्हते. एवढ्या समाधानासाठी चौदा महिने थांबण्याची तयारी असेल, तर जरूर या. दर तीन महिन्यांनी काहीतरी नवे दिसायला हवे असेल, तर आहात तिथेच राहा.

त्याच सिस्टरांचा मागील आठवड्यात फोन आला. बाळाने हात हलवला तरी पंप आता ओरडतो, अशी त्यांची तक्रार आहे. सोमवारपासून मी त्याच चाचण्यांना बसले आहे.